राखून ठेवलेली भवानी

गाठ तुम्ही वाढवलीत. तुमचं नाव घालून लिहिलं असतं, पण ते मला कधी कळलंच नाही. डॉक्टरांच्या नोंदणीच्या खिडकीत दर वेळी वेगळं तोंड असायचं आणि प्रत्येक तोंडातून एकच वाक्य बाहेर यायचं, "मॅडम, प्रोसेसमध्ये आहे." म्हणून तुम्ही म्हणते. त्या खिडकीच्या मागे जी खोली असेल आणि त्या खोलीच्या मागे जी केबिन असेल, तिथे जे कोणी बसता ते तुम्ही. पेशी कुणाच्या सहीने वाढत नाहीत हे मला कळतं. मी ते दोनदा शिकले, एकदा तिकडे परदेशात, बर्फात, आणि एकदा इथे, तुम्ही शिका म्हणालात म्हणून. तरीही सांगते, माझ्या आईच्या छातीतली गाठ तुम्ही वाढवलीत, आणि हे मी रागाच्या भरात बोलत नाही. रागाला ताकद लागते, ती संपली. आता फक्त थकवा उरलाय, आणि थकलेला माणूस खोटं बोलायचे कष्ट घेत नाही.

त्या दिवशी मी तुमच्याकडूनच परत येत होते. सिस्टिम डाउन होती. तुमच्या शिपायाने ते इतक्या आनंदात सांगितलं की जणू सिस्टिम म्हणजे त्याची सासू. त्यामुळे संध्याकाळऐवजी भर दुपारीच घरी पोचले. निर्मळच्या अलीकडे रस्ता वळतो तिथे स्कूटर बंद पडली, ती ढकलत वाडीत आणली. केळीच्या पानांतून ऊन गाळून येत होतं, पाटाचं पाणी चालू होतं, बाबा कुठेतरी आत वाफ्यांची दारं मोडून पाणी वळवत होते. घर उघडं. चुलीवर काही नाही. आईने या वेळी फुलपाड्याला असायला हवं, टोपली समोर घेऊन. मी पाणी प्यायला आत जाता जाता ओटीवरच्या त्या खोलीत सहज बघितलं आणि थांबले. आई टेबलावर झोपली होती. उताणी, पाय जुळवून, हात पोटावर, डोळे उघडे, वर पत्र्याकडे लागलेले. तिची छाती वरखाली होतेय का, ते मी दारातूनच बघितलं. मग ती हलली आणि तिच्याखालचं प्लास्टिक चुरचुरलं.

"आये? काय झालं?"

"काय नाय. पडलेय."

"इथे?"

"बघत होते कसं वाटतं ते. पंखा पायथ्याला लावलाय तुझ्या बापानी. पेशंटच्या तोंडावर नको का वारा?"

ही खोली म्हणजे माझा दवाखाना. जो सुरू झालेला नाही. तिकडे माझं शेवटचं वर्ष चालू असताना बाबांनी अर्ध्या ओटीला अॅल्युमिनियमची पार्टिशन घालून घेतली आणि बॅप्टिस्ट सुताराला तपासायचं टेबल सांगितलं. बॅप्टिस्ट आयुष्यभर देवळातली बाकं करत आलेला. त्याने टेबलही त्याच हाताने केलं, आडदांड, उंच, आणि एका बाजूला गुडघे टेकायला असते तशी फळी ठोकून दिली. बाबा म्हणाले, "अरे, हिथं काय प्रार्थना करायचीय?" तर तो म्हणाला, "काशीराम, डॉक्टरच्या खोलीत मानूस दुसरं काय करतो?" सगळे हसले. फळी राहिली. वर हिरवं रेक्झिन आणि रेक्झिनवर दुकानातून आलेलं प्लास्टिक, ते अजून काढलेलं नाही. आई रोज सकाळी ओल्या फडक्याने ते प्लास्टिक पुसते. जे वापरलं जात नाही त्यावर धूळ लवकर बसते. मी तिला म्हणाले, निदान प्लास्टिक तरी काढ. ती उठून बसत म्हणाली, "भवानी झाल्याशिवाय काढत नाय."

भवानी तुम्हाला कळणार नाही कदाचित, तुमच्याकडे कुणी पहिलं गिऱ्हाईक नसतं, सगळे शेवटचेच असतात. माझी आई हंसा फुलपाड्याच्या रस्त्याकडेला बसून भाजी विकते. वाल, अळू, केळफूल, मोसमात शेवंती. दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी, आणि ती कुणाच्या हातून व्हावी याबद्दल आई तुमच्यापेक्षा कडक आहे. समोरच्या बिल्डिंगमधल्या वसुंधराबाई घासाघीस करतात, त्यांचा हात आईला जड वाटतो. त्या लवकर खाली उतरल्या की आई टोपलीवर गोणपाट ओढते. "थांबा हो बाई, भवानी नाय झाली." वसुंधराबाई पण कमी नाहीत. कमरेवर हात ठेवून उभ्या राहतात. "मग आम्ही काय अपशकुनी आहोत का गं हंसा?" "नाय बाई, तुमी शकुनीच हाव. फक्त मागून." मग चांगल्या हाताचं कुणी येतं, त्याच्यासाठी आईने गोणपाटाखाली सगळ्यात घट्ट केळफूल राखून ठेवलेलं असतं, ते देते, नोट कपाळाला लावते, आणि तिचा दिवस सुरू होतो. वसुंधराबाई जाता जाता भाजीबरोबर एक टोमणाही मारून जायच्या. "आणि तुझ्या लेकीची कधी भवानी? झाली का डॉक्टर, की अजून शिकतेच आहे?" आई मान खाली घालून जुड्या बांधायची. घरी येऊन मला सांगायची नाही. मला दुसऱ्यांकडून कळायचं.

मी मागे कधीतरी गमतीत विचारलं होतं, माझी भवानी कोण करणार? ती म्हणाली होती, हाय एक. मला वाटलं गावातली कुणी म्हातारी असेल गुडघेदुखीची. त्या दुपारी टेबलावर बसून, त्या फळीवर पाय ठेवून, ती पुन्हा तेच म्हणाली, आणि मग म्हणाली, "मीच करनार. कधीची राखून ठेवलीय."

"काय राखून ठेवलंयस?"

तिने दाराकडे बघितलं. पदर बाजूला केला. माझा हात धरला, जशी ती गिऱ्हाइकाचा हात धरून वांगं दाबून दाखवते तसा, आणि नेऊन ठेवला.

तिकडे एक म्हातारी प्रोफेसर होती. बर्फाळ शहर, वॉर्डात वाफेचे जाड पाईप, तरी आमची बोटं गारठलेली. हात लावण्याआधी ती आम्हाला चहाचा ग्लास दोन्ही तळव्यांत धरायला लावायची. कुणी विसरलं की मनगटावर चापट. "पेशंट मासा आहे का?" असं काहीतरी म्हणायची, भाषा अर्धी कळायची, चापट पूर्ण. बोटांच्या टोकांनी नाही, बोटांच्या पोटांनी. गोल गोल, बाहेरून आत, मग काख. काख कधी सोडायची नाही. त्या वॉर्डातल्या बायका माझ्याकडे टकमक बघायच्या, एवढी काळी पोरगी कुठून आली, पण हात लावला की डोळे मिटायच्या. सगळ्या जगात हात कळतो. त्या दुपारी निर्मळच्या वळणापासून स्कूटर ढकलत आलेले माझे हात गरमच होते. चहाचा ग्लास लागला नाही. बोटांच्या पोटाखाली ते आलं, कडेला ओबडधोबड, खाली घट्ट चिकटलेलं, वरची कातडी किंचित आत ओढलेली. मी काखेत गेले. तिथेही होतं. माझं डोकं बंद झालं आणि हात चालू राहिले. हात शिकलेले असतात त्यांना थांबता येत नाही. मी तिला पुन्हा आडवी केली, प्लास्टिक चुरचुरलं, गळ्यात स्टेथो नव्हता तो खुंटीवरून काढला, तिला उठवून बसवलं, पाठीवर ठेवला आणि म्हणाले, "दिशीते."

"काय बोललीस?"

"श्वास घे, आये. तिकडे तसं म्हणतात."

"मग आसं बोल ना," ती म्हणाली, आणि मोठा श्वास घेतला. तिला मजा वाटत होती. खरं सांगते, ती खूश होती. इतक्या वर्षांनी लेकीचा हात डॉक्टरचा हात म्हणून तिच्या अंगावर होता.

मी विचारलं, कधीपासून? सांगितलं का नाहीस? आणि तिने जे उत्तर दिलं ते ऐका, कारण ते तुमचंच आहे. "तुला हात लावायची परवानगी कुठं होती?" मी परीक्षा पास होऊन आले तेव्हा गावातली माणसं तापाची गोळी विचारत यायची आणि मी सगळ्यांना सांगायची, नोंदणीचा कायमचा नंबर येईपर्यंत मला स्वतःच्या नावावर कुणाला तपासता येत नाही, गुन्हा होतो, जेलमध्ये टाकतात. लोक हसायचे, काय बाय तू पन, आमी काय पोलिसांना सांगनार हाव? आई हसली नव्हती. आई कोपऱ्यात बसून ऐकत होती. तुमचा नियम या अख्ख्या पट्ट्यात जर कुणी तंतोतंत पाळला असेल तर तो माझ्या आईने. आणि दुसऱ्या डॉक्टरकडे? "घरात डॉक्टर आसताना परक्याच्या दारात जाऊ? लोक काय म्हनतील, हिच्या आईचाच हिच्यावर भरोसा नाय." मग म्हणाली, "दुखत तर नव्हतं. म्हटलं राहू दे. आलाच नंबर आता. आता येईल, आता येईल."

आता येईल. मीच म्हणायची ते. साथ आली तेव्हा सगळ्यांबरोबर मलाही परत आणलं, विमानातून, टाळ्या वाजवून. मग वर्ग मोबाईलवर. विहिरीच्या कठड्यावर रेंज यायची, तिथे बसून मी पोट उघडलेला माणूस बघायची आणि खाली बाबा पाट फिरवायचे. विद्यापीठ म्हणालं चालेल. तुम्हीही म्हणालात चालेल. मग बॉर्डर उघडली, गेले, उरलेलं केलं, डिग्री आणली. तुमची परीक्षा दिली, ती परदेशवाल्यांना पाडायलाच काढलीय असं सगळे म्हणतात, दुसऱ्या खेपेला पास झाले, पेढे वाटले. मग इंटर्नशिपला हॉस्पिटल मिळेना, परदेशवाल्यांच्या जागा भरल्या, थांबा. थांबले. मिळालं तेव्हा तुम्ही म्हणालात, मोबाईलवरचं शिक्षण धरणार नाही, वाढीव वर्ष करा. ज्याला तुम्हीच हो म्हणालात ते. केलं. वॉर्डात माझं नाव रीमा नव्हतं, "फॉरेन" होतं. ए फॉरेन, तीन नंबरचं सलाईन बघ. माझ्याहून लहान पोरांच्या रांगेत उभी राहून मी पुन्हा बीपी घ्यायला शिकले. वॉर्डातली मावशी म्हणायची, "तू अजून हितंच? नापास झाली काय गं?" काय सांगणार तिला. आणि त्याच वर्षांत, पेपरात, तुमचंच निवेदन वाचायची, ग्रामीण भागात डॉक्टर मिळत नाहीत, जागा रिकाम्या आहेत, तरुणांची तयारी नाही. आमच्याच जिल्ह्याच्या डोंगरात जागा रिकाम्या. मी तयार होते. माझी बॅग भरलेली होती. तिकडचीच बॅग, चाक तुटलेली, ती अजून पलंगाखाली आहे.

आणि ते झाल्यावर? डिग्री खरी असल्याची तिकडच्या विद्यापीठाकडून खात्री यायची आहे. तुम्ही पत्र पाठवलंय म्हणता. तिकडचे म्हणतात आलं नाही. मी मध्ये उभी, टेनिस बघणाऱ्यासारखी मान हलवत. मी तुमच्यावर अविश्वास दाखवत नाही, तपासा, जरूर तपासा. खोट्या डिग्र्या आहेत, माझ्या वर्गातही असे होते ज्यांच्या हाती मी आमचं मांजर देणार नाही. पण तपासणं म्हणजे हात लावणं. तुम्ही हात लावलाच नाहीत. तुम्ही नुसतं ठेवून दिलंत.

पार्टिशनच्या पलीकडे बाबा येऊन उभे होते. किती वेळ, ठाऊक नाही. अॅल्युमिनियम पातळ असतं, सगळं ऐकू जातं. ते आत आले नाहीत. फक्त म्हणाले, "रीमा, चाय ठेवू?" माझ्या बापाने आयुष्यात कधी चहा केलेला नाही. स्टोव्ह कुठल्या बाजूने पेटतो हे त्यांना माहीत नव्हतं. मी म्हणाले, ठेवा. आतून भांडी पडल्याचा आवाज आला आणि आई टेबलावरून ओरडली, "आल्याचा डबा वरच्या फळीवर!" आणि मग माझ्याकडे वळून, पदर सारखा करत, "झालं ना तपासून? किती वेळ लावतेस गं, बाहेर लाईन लागली आसती तर?"

मी तिला सांगितलं. सगळं नाही, पण लपवलंही नाही. उद्याच्या उद्या मोठ्या हॉस्पिटलला जायचंय, सुई घालून बघतील, मग कळेल. ती म्हणाली, जाते, पन चिठ्ठी तू लिही. तुझ्या नावाची, नंबर घालून. मी म्हणाले नंबर नाही. ती म्हणाली, मग नंबर आला की जाऊ. आणि मी, जिने तुमच्या खिडकीत इतकी वर्षं आवाज चढवला नाही, मी माझ्या आईवर ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. टेबलाची फळी पायाला लागली, ती मी लाथेने हाणली, बॅप्टिस्टचं काम, हलली पण नाही. आई ओरडणं उतरेपर्यंत प्लास्टिकच्या सुरकुत्या सारख्या करत राहिली, गिऱ्हाईक चिडलं की जुड्या सारख्या करते तशी. मग उतरली, कमरेची चंची सोडली, त्यातली एक घडी घातलेली नोट काढून रेक्झिनवर, म्हणजे प्लास्टिकवर, ठेवली. "बरं. जाऊ उद्या. पन ही घे. कपाळाला लाव."

"आये, नाही घेता येत."

"तपासलंस ना?"

"तपासलं. पण घेता येत नाही. नंबर नाही."

तिने विचार केला. नियमाचा विचार. "मग आसू दे हितंच. नंबर आला की लाव. भवानी माझीच धरायची, दुसऱ्या कुनाची धरायची नाय." आणि वरून रक्तदाबाचं यंत्र ठेवलं, वाऱ्याने उडू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात प्रिस्का होती. शाळेत माझ्या मागच्या वर्गात होती, दोन वेण्या, नाकातून पाणी. इथल्याच कॉलेजात शिकली, आता सर्जन होतेय. तिचा यात काही गुन्हा नाही, ती चांगली आहे, मला वॉर्डात नावाने हाक मारणारी ती एकटीच होती. तिने पडदा ओढला, तपासलं, चेहरा हलू दिला नाही. मग केसपेपर पुढे ओढून विचारलं, "काकी, कधीपासून आहे हे?"

आई सांगायला लागली. भाजीचा भाव सांगते तशा साध्या आवाजात. "पयल्यांदा हाताला लागली ना, तवा हिचा परीक्षेचा निकाल लागलेला. पेढे आनलेले. चिंचोक्यायेवढी होती. मग हिला हॉस्पिटल मिळत नव्हतं, जागा नाय, थांबा म्हनाले, तवा सुपारीयेवढी. मग ते पत्र आलं ना, आनखीन एक वर्ष कर म्हनून, त्या दिवशी मी मुद्दाम बघितली. लिंबू. मग वर्ष संपलं. मग फाईल तिकडं गेली बाहेरच्या देशात, ती अजून तिकडंच हाय. काखेतली तेव्हाची."

प्रिस्काचं पेन पेपरच्या वर थांबलं. तिथे कालावधी लिहायला लहानशी जागा असते. एवढं त्यात मावत नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं, पार्किंगमध्ये एक माणूस रिकाम्या व्हीलचेअरवर बसून वडापाव खात होता. प्रिस्का हळू आवाजात म्हणाली, "रीमा, काय लिहू?" मी म्हणाले, "दोन वर्षांच्या वर लिही." तिने लिहिलं. आई वाकून बघत होती. "लिहिलंस का बाय, पयली हिनी तपासली म्हनून?" तिला वाटलं तेही लिहितात.

चिंचोक्याएवढी असती तर काय झालं असतं हे मी तुम्हाला सांगू शकते. तुम्हीच मला त्याचे प्रश्न विचारले होते परीक्षेत, चार पर्याय देऊन, आणि मी बरोबर उत्तर दिलं होतं. आता आधी औषधं चालू आहेत, गाठ लहान करायला, मग ऑपरेशन. आईचे केस गेले. अंबाड्यात अबोली खोचायची, आता डोक्याला बाबांचा पंचा गुंडाळते आणि अबोली कानामागे खोचते, पडते, पुन्हा खोचते. बरं वाटतं त्या दिवशी फुलपाड्याला जाऊन बसते, ऐकत नाही. वसुंधराबाई आता लवकर खाली येतात आणि गोणपाट ओढलेलं नसतानाही कडेला उभ्या राहतात, दुसऱ्या कुणाची भवानी होईपर्यंत. भाव करत नाहीत. आई मला म्हणाली, "ती भाव करत नाय गं. मला भीती वाटते." औषधाच्या दिवसांत तिच्या तोंडाला धातूची चव येते, तिला सगळं पाणी नाण्यासारखं लागतं. मी तिच्या शेजारी नातेवाईक म्हणून बसते. माझ्या गळ्यात नातेवाइकाचा पास असतो. सलाईनचा थेंब जलद पडतोय हे मला दिसतं, मी उठून चाक फिरवत नाही, सिस्टरला हाक मारते. मी पण नियम पाळते. आमच्या घरात तो आता चालत आलाय.

परवा पुन्हा तुमच्याकडे येऊन गेले. प्रोसेसमध्ये आहे. मी त्या नवीन तोंडाला म्हणाले, माझी आई विचारतेय. ते म्हणालं, "मॅडम, सगळ्यांचेच आईवडील विचारतात." खरं आहे. माझ्यामागे रांग होती, पोरं होती, कुणी नाशिकहून, कुणी लातूरहून, हातात फायली, डोळ्यांखाली काळं, प्रत्येकाच्या घरी कुणी ना कुणी काही ना काही राखून ठेवलेलं असणार. कुणाच्या घरी काय, ते त्यांनाही अजून माहीत नसेल.

टेबलावरचं प्लास्टिक तसंच आहे. रक्तदाबाच्या यंत्राखाली ती नोट तशीच आहे, घडीवर थोडी पिवळी पडलीय. ऑपरेशनची तारीख ठरली. तारीख मिळाली त्या संध्याकाळी आई ओटीवर आली, फडक्याने प्लास्टिक पुसलं, नोटेच्या कडेकडेने, नोट न हलवता, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आत नेतील त्याच्या आधी लाव हां कपाळाला. मागून लावलीस तर ती भवानी नाय."

तुम्ही जे कोणी आहात. मला कारण नको, नियमाचं कलम नको, माफी तर नकोच. तारीख यायच्या आत एवढंच सांगा, आणि प्रोसेसमध्ये आहे असं सांगू नका. ती नोट मी उचलू, की नको?